बातमीतून अर्थशास्त्र: आठवी ते दहावीच्या वर्गात काय चालतं, काय फसतं?

फळाखडू | सोमवार, रात्री 8:10

ठाण्यातल्या सेमी-इंग्रजी शाळेसाठी विचारतोय. आठवी ते दहावी, वर्गात 55 मुलं, आठवड्याला एकच तासिका, तीही 35 मिनिटांची. हजेरी आणि गोंधळ वजा जाता हातात 28 मिनिटं उरतात. राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात 'अर्थशास्त्राशी परिचय' आणि 'व्यापार' अशी दोन प्रकरणं आहेत. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये 'अर्थनियोजन' आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स येतात. एवढ्या खुंट्या आहेत, त्यांवर चालू घडामोडी टांगायच्या आहेत.

नेहमीची पद्धत म्हणजे बातमी वाचून दाखवायची, फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषांची फुली मारायची आणि 'भाव का वाढले?' असं विचारायचं. पोरं एका सुरात 'पुरवठा कमी झाला' म्हणतात आणि विषय संपतो. कुठल्या बातम्या घ्याव्यात, त्यातला कुठला आकडा मुलांच्या हातात द्यावा आणि ते कुठे चुकतात, हे नेमकं हवंय. 'मुलांना प्रश्न विचारायला शिकवा' छापाचे सल्ले नकोत, ते प्रशिक्षणात भरपूर मिळतात.

दाणाबंदर | सोमवार, रात्री 9:35

सुरुवात कांद्याने करा. वाशीचा बाजार तुमच्यापासून खाडीपलीकडे, आकडे रोज फुकट मिळतात आणि सरकारी धोरण त्यात इतक्या वेळा शिरलंय की दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव काढा. रकाने असे असतात: जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. लासलगाव आणि मुंबई (म्हणजे वाशी) या दोन बाजारांचा एकाच दिवसाचा दर घ्या. तिसरा आकडा मुलांनी आणायचा, जांभळी नाक्यावरच्या किंवा घराजवळच्या भाजीवाल्याचा, त्याच दिवसाचा. झाली साखळी.

पहिला गोंधळ परिमाणाचा होतो. संकेतस्थळावर दर क्विंटलचा, भाजीवाल्याकडे किलोचा, आणि हातगाडीवर 'वाटा' असतो. सगळं किलोवर आणल्याशिवाय फळ्यावर काही लिहू नका. वाट्याचा कांदा घरी स्वयंपाकाच्या काट्यावर तोलायला सांगा.

दुसरा गोंधळ जातीचा. पावसाळ्यानंतर बाजारात लाल (खरीप) कांदा येतो, मग रांगडा (उशिराच्या खरिपाचा), आणि मार्चपासून उन्हाळ (रब्बीचा). चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, टिकतो तो उन्हाळ. एका मुलाने लालचा दर आणला आणि दुसऱ्याने उन्हाळचा, तर तुलना फुकट. प्रतही तीच हवी. गोल्टीचा (बारीक कांद्याचा) भाव आणि मोठ्या गोळ्याचा भाव यांत बरंच अंतर असतं.

आता खरा धडा. समजा लासलगावला 14 रुपये किलो, वाशीला 18 आणि दारात 30. वर्ग लगेच म्हणणार, 'मधल्यांनी 16 रुपये खाल्ले.' इथे थांबा आणि घट शिकवा. चाळीत चार-पाच महिने ठेवलेल्या कांद्याची घट 30 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते: पाणी उडतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. 100 किलो कांदा 14 रुपयांनी घेतला म्हणजे 1,400 रुपये गुंतले. विकायला उरले 70 किलो. 1,400 भागिले 70 म्हणजे 20. एक रुपया नफा न घेता किलोमागे 20 रुपये पडले. त्यावर बारदान, प्रतवारीची मजुरी, भाडं, हमाली, तोलाई. किरकोळ विक्रेत्याच्या गाडीवर रोज थोडा माल खराब होतो, तो वेगळाच. हे सगळं मांडून झालं की उरतो तो नफा. तो जास्त आहे की नाही यावर मग खुशाल भांडू द्या.

जुन्या टिपणांत अडत (माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापली जाते असं असतं. फळं-भाजीपाला, कांदा-बटाट्याची अडत 2016 पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तक्ता जुना असेल तर तेवढं दुरुस्त करा.

तिसराअंक | सोमवार, रात्री 10:20

दाणाबंदर यांच्या साखळीला दोन टाचण्या.

'सर्वसाधारण दर' म्हणजे सरासरी नव्हे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची बेरीज करून दोनने भागलं की हा आकडा येत नाही, आणि मुलं हमखास तेच करून 'सर, साइट चुकली' म्हणतात. ज्या दराने जास्तीत जास्त माल विकला गेला तो दर, म्हणजे नववीच्या सांख्यिकीतलं बहुलक. मध्य, मध्यक, बहुलक शिकवताना पुस्तकातल्या बुटांच्या मापांपेक्षा हे उदाहरण बरं. उलट मुलांनी आणलेल्या 55 किरकोळ भावांचा मध्यक काढा, मध्य नको. एखादा पाव किलोचा भाव किलोचा म्हणून लिहून आणतोच, आणि एवढ्यानेही मध्य हलतो.

दुसरी टाचणी धोरणाची. कांद्याच्या निर्यातीचा क्रम फळ्यावर असा लिहा: 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क; ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने निर्यात नाही); 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी; 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं; 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं; 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य. आलेखाच्या कागदावर लासलगावचा महिनावार सर्वसाधारण दर काढायचा आणि या तारखांना उभ्या रेघा मारायच्या.

इथे मुलं आणि मोठेही एकच चूक करतात: रेघेनंतर भाव पडला, म्हणून रेघेमुळे पडला. ती मोडायला दोन गोष्टी करा. त्याच कागदावर आवक दुसऱ्या रंगात काढा. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याची आवक तशीही वाढते, तेव्हा भाव उतरायला बंदीशिवायही कारण असतं. आणि शेजारी बटाट्याचा आलेख ठेवा. बटाट्यावर त्या तारखांना काही घडलं नव्हतं. बटाट्याचा हंगाम वेगळा आहे, त्यामुळे तुलना पक्की नाही, पण 'बंदी नसती तर काय झालं असतं' हा प्रश्न पोरांच्या डोक्यात शिरायला तेवढं पुरतं.

खडूस | सोमवार, रात्री 11:02

निर्यातबंदी म्हटलं की पालकसभेत पहिला प्रश्न 'सर कुठल्या पक्षाचे?' हा येणार. त्याचं काय?

पामबीच | मंगळवार, सकाळी 7:15

खडूस, रास्त प्रश्न. फळ्याचे उभे दोन भाग करा. डावीकडे 'काय घडलं, कोणाला किती', उजवीकडे 'काय व्हायला हवं'. 'बंदीने शेतकऱ्याचा दर पडतो आणि शहरातल्या ग्राहकाला स्वस्त मिळतं' हे डावीकडे, कारण ते आकड्याने तपासता येतं. 'बंदी चुकीची' हे उजवीकडे. अकरावीला गेल्यावर याचीच नावं वास्तववादी आणि आदर्शवादी अशी येतील. उजवी बाजू शिक्षकाने भरायची नाही, मुलांनी भरायची, आणि प्रत्येक वाक्याला डावीकडचा किमान एक आकडा टेकू म्हणून हवा. टेकू नसलेलं वाक्य पुसायचं. माणसांची आणि पक्षांची नावं फळ्यावर येत नाहीत, 'केंद्र सरकार', 'राज्य सरकार' एवढंच.

भूमिका वाटून देणार असाल तर चिठ्ठीवर भूमिकेसोबत एक आकडा लिहून द्या. 'तू शेतकरी' एवढंच लिहिलं तर पोरं टीव्ही मालिकेतला शेतकरी होतात. 'दोन एकर उन्हाळ, 200 क्विंटल चाळीत, महिन्याला घट अमुक, सोसायटीचं कर्ज जूनमध्ये फेडायचंय' असं लिहिलं की आत्ता विकू की थांबू, हा हिशेब आपोआप सुरू होतो. सहा चिठ्ठ्या पुरतात: उत्पादक, साठवणारा व्यापारी, निर्यातदार, वाशीचा अडत्या, भाजीवाला, खानावळवाल्या काकू. काकूंची चिठ्ठी सगळ्यात मजेदार, कारण कांदा महागला म्हणून त्यांना थाळीचा दर रोज बदलता येत नाही.

वजावट | मंगळवार, दुपारी 1:40

जीएसटीवर सविस्तर लिहितो, कारण दहावीला हा थेट परीक्षेचा भाग आहे आणि वर्गात सगळ्यात जास्त चुकीचं इथेच शिकवलं जातं.

बातमी: 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. बहुतेक वस्तू 5 किंवा 18 वर आल्या, काही मोजक्या 40 वर. पोरांच्या दप्तराशी आणि न्हाणीघराशी संबंधित बदल: पेन्सिल, शार्पनर, खडूचे रंग, वह्या 12 वरून शून्य; खोडरबर 5 वरून शून्य; कंपासपेटी 12 वरून 5; बिस्किटं, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल 18 वरून 5.

वर्गात विचारा: 18 चे 5 झाले, तर वस्तू किती टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी? सगळे म्हणतील 13. उत्तर 11 च्या जरा वर आहे. 59 रुपये छापील किमतीची टूथपेस्ट घ्या. त्यात कर 9 रुपये, मूळ किंमत 50. नवा कर अडीच रुपये, नवी किंमत 52.50. फरक 6.50, आणि तो 59 च्या तुलनेत मोजायचा. म्हणजे 118 पैकी 13, 100 पैकी नव्हे. ही एक गोष्ट पक्की झाली की 'अर्थनियोजन' प्रकरणातली निम्मी उदाहरणं सुटली. 12 वरून 5 आलेल्या वस्तूला 112 पैकी 7, म्हणजे 6.25 टक्के. पेन्सिलला 112 पैकी 12, म्हणजे पावणेअकराच्या जवळ.

आता पाच रुपयांचा बिस्किटपुडा. त्याची किंमत चार रुपये पंचेचाळीस पैसे कोण करणार? सुटे कुठून आणणार? म्हणून पाच रुपयेच ठेवायचे आणि वजन वाढवायचं. किती? 118 भागिले 105, म्हणजे सुमारे 12.4 टक्के. 50 ग्रॅमचा पुडा 56 ग्रॅमच्या आसपास जायला हवा. भावात 11 टक्के घट आणि वजनात 12.4 टक्के वाढ या एकच गोष्ट आहेत, हे वर्गात पटवायला दहा मिनिटं द्या, वाया जाणार नाहीत.

साहित्य म्हणजे रिकामी वेष्टनं. बदलाच्या आधीचं आणि नंतरचं, एकाच मालाचं. त्यावर छापील किंमत (सर्व करांसह), निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि बहुतेकांवर प्रति ग्रॅम दरही असतो. जुन्या मालावर सुधारित किमतीचा शिक्का किंवा स्टिकर लावायला परवानगी होती, त्यामुळे एकाच वेष्टनावर दोन किमती असलेला नमुना मिळाला तर जपून ठेवा, त्यावर अख्खा तास जातो.

परीक्षेपुरती सूचना: पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत 12 आणि 28 टक्के अजून आहेत. उत्तरपत्रिकेत प्रश्नात दिलेलाच दर घ्यायचा. हे दोन-तीनदा बजावून सांगा, नाहीतर हुशार पोरंच गुण घालवतील.

फळाखडू | मंगळवार, संध्याकाळी 6:05

वजावट, हे झकास. पण दोन अडचणी आहेत. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या बिलावर जीएसटी नसतोच, मग मुलं म्हणतात 'आमचा वाणी कर घेत नाही'. आणि वहीवर कर शून्य झाला तरी वही 10.7 टक्क्यांनी उतरली नाही, असं वेष्टनं जमवणारी मुलं सांगतील. त्यांना काय सांगायचं?

वजावट | मंगळवार, रात्री 8:50

वाण्याचं सोपं आहे. वस्तूंची वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेला दुकानदार बिलात कर दाखवू शकत नाही. आपसमेळ योजनेतलाही (लहान व्यापारी उलाढालीवर ठोक कर भरतात ती) ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. पण त्याने टूथपेस्ट घाऊकवाल्याकडून कर भरूनच आणली आणि तो कर छापील किमतीत बसलेला आहे. कर भरला जातोच, फक्त त्याच्या बिलावर दिसत नाही. मॉलचं बिल आणि वाण्याची चिठ्ठी शेजारी ठेवा. मॉलच्या बिलावर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असे दोन तुकडे दिसतील. या दोन तुकड्यांतून संघराज्य व्यवस्थाही शिकवता येते, नागरिकशास्त्राच्या बाईंना बोलवा.

वहीचं जरा खोलात आहे. कर शून्य म्हणजे उत्पादकाला विक्रीवर कर लावायचा नाही, पण मग खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. वहीसाठीच्या कागदावरचा कर काढला, तरी शाई, डिंक, पुठ्ठा, छपाईयंत्राचे भाग यांवर कर आहेच, आणि तो आता खर्चात मिसळतो. म्हणून शून्य टक्के हे दरवेळी 5 टक्क्यांपेक्षा स्वस्त पडेल असं नाही. दहावीला एवढं पुरे. साखळीतल्या प्रत्येकाचा कर फळ्यावर काढायला गेलात तर घंटा होईल.

अवांतर: 'बारा लाखांपर्यंत कर नाही' ही 2025 च्या अर्थसंकल्पाची बातमी नववीच्या प्राप्तिकराला चांगली. टप्पा चार लाखांनंतरच सुरू होतो. 12 लाखांवर कर 60,000 येतो (4 ते 8 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, 8 ते 12 वर 10 टक्के म्हणजे 40,000) आणि तेवढीच सूट मिळून तो शून्य होतो. टप्पा आणि सूट यांतला फरक कळला की बाकी पुस्तकात आहे.

पामबीच | बुधवार, सकाळी 7:30

नवी मुंबईच्या शाळांसाठी मेट्रोचं भाडं. बेलापूर ते पेंधर मार्ग 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाला: 11 स्थानकं, 11 किलोमीटरच्या वर. भाडं दर दोन किलोमीटरच्या टप्प्याला 10, 15, 20, 25, 30 आणि दहा किलोमीटरपुढे 40. 7 सप्टेंबर 2024 पासून ते 10, 10, 20, 20, 30, 30 झालं. बातम्यांत '33 टक्के कपात' असं आलं.

दोन्ही ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक टप्प्याची कपात काढायला सांगा. 0, 33.3, 0, 20, 0, 25. सहापैकी तीन टप्प्यांत काहीच नाही, आणि 33 टक्के फक्त दुसऱ्या टप्प्यात. मथळा खोटा नाही, पण तो एका प्रवाशाचा आहे. मथळा आणि तक्ता यांतलं अंतर इतकं स्वच्छ दाखवणारं उदाहरण सहजी मिळत नाही.

मग लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. व्याख्या अजिबात सांगू नका, प्रश्न द्या: 15 चे 10 केले, तर उत्पन्न तेवढंच राहायला प्रवासी किती टक्के वाढायला हवेत? मुलं 33 म्हणतील. 100 प्रवासी गुणिले 15 म्हणजे 1,500; दहा रुपयांनी तेवढे यायला 150 प्रवासी लागतात, म्हणजे 50 टक्के. 40 चे 30 झाले तिथे 33.3 टक्के, 25 चे 20 तिथे 25 टक्के. पुढचा प्रश्न: गाडी तशीही रिकामी धावत असेल तर एक प्रवासी वाढल्याने खर्च किती वाढतो? जवळजवळ शून्य. इथून सीमान्त खर्च. हे दोन प्रश्न 28 मिनिटांत नीट बसतात, तिसरा घुसवू नका.

तिसराअंक | बुधवार, दुपारी 12:15

ठाणेकरांसाठी तसंच रिक्षाचं. 1 फेब्रुवारी 2025 पासून किमान भाडं 23 चं 26 झालं, म्हणजे 13 टक्के वाढ. किलोमीटरचा दर 15.33 वरून 17.14, म्हणजे 11.8 टक्के. एकाच निर्णयात दोन टक्केवाऱ्या का? किमान भाडं दीड किलोमीटरचं असतं: 17.14 गुणिले 1.5 म्हणजे 25.71, पूर्णांकात 26. आधीचे 22.995 चे 23 झाले होते. फरक पूर्णांकनाने पडला. मुलांना हे स्वतः शोधू द्या, सांगू नका.

शेअर रिक्षाचे दर या हिशेबात घेऊ नका, ते मार्गानुसार वेगळे ठरतात. तीन हात नाक्यावर विचारून आलेला आकडा आणि मीटरचा आकडा एकत्र झाला की तासाची खिचडी होते.

खडूस | बुधवार, दुपारी 2:00

टोल विसरलात. ठाण्याच्या मुलांना आनंदनगर नाक्याइतकं जवळचं अर्थशास्त्र दुसरं नाही.

वजावट | बुधवार, दुपारी 3:25

मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 च्या मध्याला माफ झाला. दहिसर, मुलुंडचे दोन (त्यातलाच आनंदनगरचा), ऐरोली, वाशी. मोटारीला तेव्हा 45 रुपये होते. प्रश्न एकच: हे 45 रुपये आता कोण देतं? 'कोणीच नाही' हे उत्तर येणार. ठेकेदाराशी करार आहे, भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, तिजोरीत पैसे त्याच्याकडूनही येतात ज्याच्याकडे मोटार नाही. वर्गात 55 पैकी किती घरांत मोटार आहे ते मात्र हात वर करायला लावून विचारू नका. तो प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता. उत्पन्न, कर्ज, वडिलांचा पगार यांचंही तेच.

पेट्रोलला एक वाक्य: राज्याचा कर मुंबई-ठाणे-नवी मुंबईत जुलै 2024 पासून 26 वरून 25 टक्के झाला, शिवाय लिटरमागे ठरावीक 5.12 रुपये. टक्केवारीचा कर भाव वाढला की आपोआप वाढतो, ठरावीक कर वाढत नाही. मूळ भाव 10 रुपयांनी वाढवा आणि पंपावरची किंमत 12.50 ने का वाढते ते काढायला लावा.

तिसराअंक | बुधवार, रात्री 9:45

महागाईच्या बातम्या राहिल्याच, आणि गैरसमज तिथे सगळ्यात चिवट आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाई 0.25 टक्के निघाली. मथळा 'महागाई जवळपास शून्य'. मुलं घरी सांगतात, घरचे हसतात. दोघंही बरोबर आहेत. वर्षभर आधी, ऑक्टोबर 2024 ला, हाच दर 6.21 होता. 100 रुपयांची टोपली आधी 106.21 झाली आणि त्यानंतर 106.48. भाव चढून बसले, फक्त पुढे चढले नाहीत. महागाईचा दर उतरणं आणि भाव उतरणं हे दोन वेगळे आलेख एकाखाली एक काढले की पटतं.

वर्गाचा स्वतःचा निर्देशांक करा. समजा पाच जिन्नस, महिन्याचं प्रमाण ठरलेलं: पीठ 5 किलो 44 रुपयांनी, कांदा 4 किलो 20 ने, बटाटा 3 किलो 30 ने, तेल 2 लिटर 140 ने, दूध 30 लिटर 58 ने. बेरीज 2,410. आता कांदा दुप्पट करा, 40. टोपली 2,490. वाढ 3.3 टक्के. कांदा शंभर टक्के वाढला आणि टोपली सव्वातीन-साडेतीनच्या मध्ये, हे पाहून वर्गात शांतता पसरते. मग दूध फक्त 2 रुपयांनी वाढवा: 60 रुपये वाढले, अडीच टक्के. म्हणजे दुधाचे दोन रुपये कांद्याच्या दुपटीच्या जवळ पोहोचतात. भार म्हणजे काय ते यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. 2012 आधारवर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार 45.86 टक्के होता, तो आकडा इथे आणा.

दोन चुका टाळा. प्रमाण दर महिन्याला बदलू नका. 'कांदा महाग म्हणून कमी घेतला' हे खरं असलं तरी निर्देशांकात प्रमाण गोठवलेलं असतं, आणि तो त्याचा दोषही आहे, नंतर चर्चेला घ्या. आणि भाव ॲपवरून घेणार असाल तर एकच पिनकोड, एकच वेळ, डिलिव्हरी शुल्क सोडून. घोडबंदरचा आणि कोपरीचा भाव एका ॲपवरही वेगळा दिसू शकतो.

खडूस | बुधवार, रात्री 10:10

रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) कोणी घेतला नाही. चांगलं केलंत. आठवीच्या पोराला रेपो म्हणजे काय हे सांगण्यात तास जातो आणि त्याला शेवटी कळतो फक्त हप्ता.

पामबीच | गुरुवार, सकाळी 7:20

मग हप्त्यापासूनच सुरू करायचं, खडूस. फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला. 30 लाखांचं घरकर्ज, 20 वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता 26,035, साडेसात टक्क्यांनी 24,168. फरक 1,867. पण त्याच वर्गात कोणाच्या तरी आजोबांचं घर मुदतठेवीच्या व्याजावर चालतं, त्यांचं व्याज त्याच कारणाने कमी होतं. दोन्ही चिठ्ठ्या एकाच बाकावर द्या. आठवीला चक्रवाढ व्याज येतंच, आकडे तिथे जोडा. बँका अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, म्हणून 'आमचा हप्ता नाही उतरला' असं कोणी म्हणालं तर ते चूक ठरवू नका.

फळाखडू | गुरुवार, संध्याकाळी 7:00

मग असं ठरवतोय: नववीला कांदा, चार तासिका. दहावीला वेष्टनं, दोन तासिका, सहामाहीच्या आत. आठवीला टोपली, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, वर्षभर. वाशीला बाजार बघायला न्यावं का?

दाणाबंदर | गुरुवार, रात्री 9:15

55 मुलांना कांदा-बटाटा बाजारात एकदम नेऊ नका. ट्रक मागे घेतले जात असतात, माथाडी कामगार डोक्यावर-पाठीवर गोणी घेऊन धावत्या चालीने जातात, त्यांची वाट अडली की त्यांचा खोळंबा आणि तुमचा धोका. बाजार समितीला आधी पत्र, पंधराचा गट, दोन शिक्षक, आणि पहाटेची गर्दी ओसरल्यावरची वेळ. पायात बूट हवेत, चप्पल नको. प्रत्येक गटाने तीनच गोष्टी टिपायच्या: गोणीचं वजन, गाळ्यावरच्या दोन प्रतींचा भाव, आणि गोणी उतरवण्याचे पैसे कोण देतं. माथाडी कायदा 1969 चा आहे, मजुरी आणि त्यावरची लेव्ही (कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम) माथाडी मंडळामार्फत जाते. हे गाळ्यावर विचारलं की तिथलेच लोक पुस्तकापेक्षा नीट सांगतात.

नेता आलं नाही तर एक रिकामी कांद्याची गोणी आणि दहा किलोचा काटा वर्गात आणा. पाच किलो कांदे तोलून खिडकीत जाळीच्या पिशवीत टांगा, कोपऱ्यात तारखेची चिठ्ठी लावा, आणि दर सोमवारी तोलून फळ्याच्या कडेला आकडा लिहा. शाळेच्या दमट खिडकीत चाळीपेक्षा लवकर कोंब येतील, तेही लिहून ठेवा. काटा मात्र दर वेळी तोच वापरा.

तिसराअंक | गुरुवार, रात्री 9:40

आणि पिशवीचं वजन आधी वेगळं तोलून घ्या. ते विसरलात तर घट कमी दिसेल.